विश्लेषण : मोबाइलवरच्या ‘फिल्टर’मागे गणिताचा प्राध्यापक, कोण होते एस. आर. रंगनाथन?

१२ ऑगस्ट हा दिवस राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. गावोगावच्या वाचनालयांत त्या दिवशी एका फोटोला हार घातला जातो. फोटो असतो शियाळी रामामृत रंगनाथन यांचा. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एवढी त्यांची ओळख भाषणात सांगितली जाते आणि कार्यक्रम संपतो. पण ऑनलाइन खरेदी करताना आपण रंग, माप, किंमत, ब्रँड असे एकेक पर्याय निवडत जातो, त्यामागची मांडणी समजून घ्यायची तर याच माणसापर्यंत जावं लागतं. पुस्तकांची, शोधनिबंधांची, अहवालांची यादी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘विषय’ हा रकाना कसा भरायचा, हा प्रश्नही त्यांनी संगणक भारतात येण्याच्या कितीतरी आधी सोडवायला घेतला होता.

प्रश्न नेमका काय आहे?

एक साधं उदाहरण घेऊ. मोबाइलवर ‘जयगड’ शोधा. रत्नागिरी तालुक्यातलं, शास्त्री नदीच्या मुखावरचं बंदर आणि किल्ला असलेलं जयगड मिळेल. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या जंगलात जंगली जयगड नावाचा आणखी एक किल्ला आहे, तोही मिळेल. शिवाय जयपूरजवळचा जयगढ, ज्याचं नाव मराठीत अनेकदा जयगड असंच लिहिलं जातं, तोही यादीत येईल. अक्षरं जुळली म्हणून तिन्ही आले. तुम्हाला कोणतं जयगड हवंय, हे नुसत्या शब्दावरून कळत नाही.

आता थोडं कठीण उदाहरण. समजा एक अहवाल आहे. त्याचा विषय आहे, जयगडच्या औष्णिक वीज प्रकल्पाचा हापूसच्या मोहोरावर होणारा परिणाम. जयगडला प्रकल्प येत होता तेव्हा परिसरातल्या बागायतदारांनी हा प्रश्न खरोखरच लावून धरला होता. असा अहवाल ग्रंथालयात कुठे ठेवायचा? फलोत्पादनात, वीजनिर्मितीत, पर्यावरणात की रत्नागिरी जिल्ह्याच्या माहितीत? चारही उत्तरं बरोबर आहेत. पण पुस्तक एक आणि कपाटातली जागाही एकच. फलोत्पादनात ठेवलं तर पर्यावरणाच्या कपाटाशी उभ्या असलेल्या वाचकाला ते दिसणार नाही.

म्हणजे माहिती आहे, छापलेली आहे, विकत घेतलेलीही आहे. फक्त ज्याला हवी आहे त्याच्या हाती ती लागत नाही. बागायतदारासाठी, वकिलासाठी किंवा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यासाठी न सापडणारी माहिती आणि नसलेली माहिती यांत काही फरक राहत नाही. रंगनाथन यांचं आयुष्य या एका अडचणीवर खर्च झालं.

सुरुवात कुठून झाली?

रंगनाथन यांचा जन्म १८९२ चा. १२ ऑगस्ट ही त्यांची नोंदलेली जन्मतारीख. गाव शियाळी, म्हणजे आजचं तमिळनाडूतलं सिरकाळी. तेव्हा ते तंजावर जिल्ह्यात होतं. वडील लहानसे जमीनमालक होते आणि रामायणावर प्रवचनं करत. रंगनाथन जेमतेम सहा वर्षांचे असताना वडील गेले. पुढे आजोबांनी त्यांना वाढवलं. मुलगा हुशार होता, पण बोलताना अडखळत असे. ही अडचण त्यांनी पुढे बरीचशी आटोक्यात आणली आणि शिक्षकाचा पेशा पत्करला.

मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधून त्यांनी १९१३ मध्ये बी.ए. आणि १९१६ मध्ये गणितात एम.ए. केलं. तिथले प्राध्यापक एडवर्ड रॉस यांचा त्यांच्यावर कायमचा प्रभाव राहिला. शिक्षक प्रशिक्षण घेऊन १९१७ मध्ये ते मंगळूरच्या सरकारी कॉलेजात शिकवू लागले. नंतर कोईमतूर आणि १९२१ पासून मद्रासचं प्रेसिडेन्सी कॉलेज. वर्गात ते रमले होते. तेव्हा गणिताचा एक चांगला प्राध्यापक एवढीच त्यांची ओळख होती.

ग्रंथपालाची नोकरी त्यांनी का घेतली?

१९२३ मध्ये मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाचं पद निर्माण केलं. सुमारे ९०० अर्ज आले. ग्रंथालयाचं प्रशिक्षण घेतलेले उमेदवार जवळपास नव्हतेच. रंगनाथन यांनाही ते नव्हतं. ग्रंथालय म्हणजे काय, याविषयीचं त्यांचं ज्ञान मुलाखतीच्या काही दिवस आधी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला एक लेख वाचण्यापुरतं होतं. पण गणितातलं त्यांचं काम निवड समितीला भावलं आणि जानेवारी १९२४ मध्ये ते विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. समोर विद्यार्थी नाहीत, चर्चा नाही, दिवसभर एकट्याने बसून राहायचं. आठवडा होतो न होतो तोच ते प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले आणि आपली जुनी नोकरी परत द्या म्हणाले. प्राचार्यांनी तडजोड सुचवली. ग्रंथपालाने इंग्लंडला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकायचं, अशी विद्यापीठाची योजना होतीच. तेवढं करून या, परत आल्यावरही कंटाळा आला तर इथली जागा तुमचीच.

सप्टेंबर १९२४ मध्ये रंगनाथन लंडनला पोहोचले. जुनी जागा मागायला ते पुन्हा प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले नाहीत.

लंडनमध्ये काय घडलं?

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या ग्रंथालयशास्त्र विभागात त्यांनी प्रवेश घेतला. तिथे डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स वर्गीकरण शिकवत. वर्गातल्या शिक्षणाइतकाच वेळ रंगनाथन यांनी प्रत्यक्ष ग्रंथालयं पाहण्यात घालवला. शंभराहून अधिक ग्रंथालयं त्यांनी पाहिली. मजुरांच्या वस्तीतली माणसं, लहान मुलं, कारखान्यातले कामगार तिथे येऊन पुस्तकं नेतात, हे पाहून ग्रंथपालाचं काम म्हणजे पुस्तकांची राखण नव्हे, हे त्यांच्या लक्षात आलं.

पण वर्गीकरणाने त्यांचं समाधान होईना. त्या काळात जगभर गाजत होती मेल्विल ड्यूई यांची १८७६ मधली दशांश पद्धत. आजही आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या ग्रंथालयांत तीच आहे. सगळं ज्ञान शून्य ते नऊ अशा दहा वर्गांत, प्रत्येक वर्ग पुन्हा दहा भागांत, तो पुन्हा दहांत. झाडाला फांद्या फुटाव्यात तशी. वापरायला सोपी, पण प्रत्येक फांदी आधीच ठरवून छापलेली. जो विषय दोन फांद्यांच्या मधे पडतो त्याची पंचाईत. त्यात ही मांडणी अमेरिकी कॉलेजसाठी केलेली होती. धर्माच्या वर्गात बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माला दिलेली आणि जगातले बाकीचे सगळे धर्म शेवटच्या एका भागात कोंबलेले. मराठी साहित्याचा क्रमांक आजही ८९१.४६ आहे. म्हणजे ‘इतर साहित्य’ या गठ्ठ्यातला एक छोटा पोटविभाग.

उत्तर सुचलं ते लंडनच्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात. तिथे मेकॅनो या खेळण्याचं प्रात्यक्षिक चालू होतं. पट्ट्या, चाकं, सळ्या, नट आणि बोल्ट. त्याच सुट्या भागांतून विक्रेता एकदा एक वस्तू बनवत होता, मग तेच भाग सोडवून दुसरी. रंगनाथन यांच्या मनात आलं की विषयांचंही असंच आहे. प्रत्येक विषयासाठी तयार खण कशाला हवा? सुटे भाग तयार ठेवा आणि पुस्तक समोर आलं की त्याच्या विषयाप्रमाणे भाग जोडा. जोडायला नट-बोल्ट म्हणून त्यांनी विरामचिन्ह निवडलं: कोलन, म्हणजे आपलं अपूर्णविराम. १९२५ मध्ये बोटीने भारतात परतताना त्यांनी बोटीवरच्या छोट्या ग्रंथालयातल्या पुस्तकांवर आपली पद्धत तपासून पाहिली.

पाच सूत्रं कोणती?

मद्रासला परतल्यावर रंगनाथन यांनी कामाचा धडाका लावला. कपाटं वाचकांसाठी खुली केली. ग्रंथालयाच्या वेळा वाढवल्या. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी प्रशिक्षणाचा उन्हाळी वर्ग सुरू झाला. पुढची जवळपास वीस वर्षं त्यांनी रजा म्हणून घेतली नाही, असं सांगतात. याच काळात, १९२८ मध्ये, त्यांच्या पहिल्या पत्नी रुक्मिणी यांचं अपघाती निधन झालं. पुढच्या वर्षी त्यांचा शारदा यांच्याशी विवाह झाला.

आपण करतो त्या कामामागे काही मूलभूत नियम असले पाहिजेत, असं या गणितज्ञाला सतत वाटे. भूमितीत जशी गृहीतकं असतात तशी. त्यातलं पहिलं सूत्र प्रा. रॉस यांच्याशी झालेल्या बोलण्यातून हाती आलं. १९३१ मध्ये ही पाच सूत्रं पुस्तकरूपाने आली. त्यांचा सारांश असा:

• पुस्तक जपून ठेवायला नसतं, वापरायला असतं.
• प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळायला हवं.
• प्रत्येक पुस्तकालाही त्याचा वाचक मिळायला हवा.
• वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये.
• ग्रंथालय वाढत राहतं, एखाद्या सजीवासारखं.

यातलं तिसरं आणि चौथं सूत्र पुन्हा वाचा. आजच्या कोणत्याही सर्च बॉक्सचं उद्दिष्ट यापेक्षा वेगळं नाही.

ही सूत्रं विद्यापीठाच्या भिंतींपुरती राहिली नाहीत. त्याच वर्षी, १९३१ मध्ये, मन्नारगुडी भागात बैलगाडीवरचं फिरतं ग्रंथालय सुरू झालं. वाचक पुस्तकापर्यंत येत नसेल तर पुस्तकाने त्याच्या गावी जायचं, इतका सरळ तो हिशेब होता.

‘कोलन’ पद्धत चालते कशी?

१९३३ मध्ये कोलन क्लासिफिकेशन प्रसिद्ध झालं. मराठीत ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी तिला द्विबिंदू वर्गीकरण म्हणतात. तिचं पुढे विकसित झालेलं रूप समजायला ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात नेहमी दिलं जाणारं एक उदाहरण पाहू. विषय आहे, फुप्फुसाच्या क्षयरोगावर क्ष-किरणांनी उपचार, त्यावर भारतात १९५० मध्ये झालेलं संशोधन. वर्गांक असा बनतो:

एल,४५;४२१:६;२५३:एफ.४४'एन५

दिसायला पासवर्डसारखा आहे, पण सुटा केला की उलगडतो. एल म्हणजे वैद्यक. ४५ फुप्फुस. ४२१ क्षयरोग. ६ उपचार. २५३ क्ष-किरण. एफ संशोधन. ४४ भारत. एन५ म्हणजे १९५०. मधली विरामचिन्हं शोभेची नाहीत. पुढे येणारा भाग कोणत्या प्रकारचा आहे, हे ती सांगतात. टिंबानंतर स्थळ येतं, वरच्या स्वल्पविरामानंतर काळ. कोणत्याही प्रोग्रामरला यात ओळखीचं काहीतरी दिसेल: प्रत्येक किमतीसोबत तिचा प्रकारही लिहिलेला आहे.

पुढे रंगनाथन यांनी या प्रकारांना पाच मूलभूत गट दिले: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ आणि काळ. नावं जड आहेत, पण मागचे प्रश्न सोपे आहेत. मुख्यतः कशाबद्दल आहे? त्या वस्तूचा कोणता घटक किंवा गुण? तिथे काय घडतं किंवा काय केलं जातं? कुठे? केव्हा? या प्रत्येक बाजूला त्यांनी ‘फॅसेट’, म्हणजे पैलू म्हटलं. हिऱ्याला पैलू असतात तसे विषयाला.

आता आपला जयगडचा अहवाल घ्या. कशाबद्दल? हापूस आंबा. कोणता भाग? मोहोर. कुठे? जयगड, जिल्हा रत्नागिरी. केव्हा? अभ्यासाची वर्षं. आणि दोन विषयांचा संबंध काय? वीजनिर्मितीचा आंब्यावर प्रभाव. एक विषय दुसऱ्यावर प्रभाव टाकतो, दोन विषयांची तुलना होते, अशा संबंधांसाठीही रंगनाथन यांनी वेगळी सोय ठेवली होती. चार कपाटांपैकी कोणतं, हा प्रश्न आता उरत नाही. अहवाल कुठेही ठेवा, त्याच्या नोंदीत सगळे पैलू हजर आहेत.

वर्गांकावरून शब्दांची विषयसूची तयार करायचीही एक ठरीव रीत त्यांनी काढली. तिला साखळी पद्धत म्हणतात. वर्गांकाचे दुवे शेवटापासून मागे एकेक उलगडत जायचं आणि प्रत्येक टप्प्यावर एक नोंद करायची. माणसाच्या मर्जीवर काही सोडायचं नाही. आजच्या भाषेत हा अल्गोरिदम आहे. ब्रिटिश नॅशनल बिब्लिओग्राफी या ब्रिटनच्या राष्ट्रीय ग्रंथसूचीने १९५० च्या दशकात आपली विषयसूची करण्यासाठी हीच साखळी पद्धत वापरली.

मद्रासनंतर काय?

१९४४ मध्ये रंगनाथन मद्रास विद्यापीठातून बाहेर पडले. त्यांना आता लेखन-संशोधन करायचं होतं. पण बनारस हिंदू विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी बोलावलं म्हणून १९४५ मध्ये ते काशीला गेले. तिथे सुमारे एक लाख पुस्तकांचं वर्गीकरण आणि तालिकीकरण त्यांनी जवळजवळ एकट्याने केलं. पन्नाशी उलटलेल्या, नाव झालेल्या माणसाने हे कारकुनी वाटणारं काम स्वतः केलं, कारण पद्धत खरी उतरते की नाही हे पुस्तक हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

१९४७ मध्ये ते दिल्ली विद्यापीठात आले. याच काळात ग्रंथालय कायद्यांसाठीही ते झटत होते. १९४८ चा मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायदा हे त्यांच्या पाठपुराव्याचं फळ. इथे मराठी वाचकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्याच्याही आधी, १९४५ मध्ये, कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालय कायदा केला होता. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा मात्र १९६७ मध्ये आला.

१९५० च्या दशकाच्या मध्यावर ते काही काळ झुरिकला राहिले. याच दशकात त्यांनी आपल्या बचतीतून मद्रास विद्यापीठाला एक लाख रुपये दिले. ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी दिलेल्या या देणगीला नाव पत्नीचं, शारदा यांचं होतं. १९५७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ब्रिटनमध्ये १९५२ साली स्थापन झालेल्या क्लासिफिकेशन रिसर्च ग्रुपने त्यांच्या कल्पना पुढे नेल्या. माहिती शोधण्याच्या सगळ्या पद्धतींचा पाया पैलूंवर आधारित वर्गीकरण हाच असला पाहिजे, अशी भूमिका या गटाने १९५५ मध्ये जाहीरपणे मांडली.

संगणकाशी संबंध कसा आला?

भारतात पहिला संगणक आला तो १९५० च्या दशकाच्या मध्यावर, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये. प्रशांतचंद्र महालनोबिस यांची ही संस्था. याच संस्थेच्या छत्राखाली १९६२ मध्ये बंगळुरूला डॉक्युमेंटेशन रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर सुरू झालं आणि त्याचं नेतृत्व सत्तरीला आलेल्या रंगनाथन यांच्याकडे आलं. ग्रंथालयशास्त्र आणि संगणक एका छताखाली आणणारं हे भारतातलं सुरुवातीचं ठिकाण. १९६५ मध्ये केंद्र सरकारने त्यांना राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक केलं. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळुरूमध्ये त्यांचं निधन झालं.

वेब त्यांनी पाहिलं नाही. पण वेबवर जेव्हा वस्तूंची आणि कागदपत्रांची गर्दी झाली तेव्हा त्यांचाच मार्ग उपयोगी पडला. २००० नंतर अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्टी हर्स्ट यांच्या गटाने पैलूंवर आधारित शोधाचे प्रयोग केले. लवकरच खरेदीच्या संकेतस्थळांवर डाव्या बाजूला पर्यायांची ती ओळखीची पट्टी दिसू लागली. तांत्रिक भाषेत तिला आजही ‘फॅसेटेड सर्च’ म्हणतात. शब्द रंगनाथन यांनी रुळवलेलाच.

मग त्यांची पद्धत ग्रंथालयांत का दिसत नाही?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. भारतातल्याही बहुतेक ग्रंथालयांनी कोलन पद्धत स्वीकारली नाही, किंवा स्वीकारून सोडून दिली. कारणं व्यवहारातली आहेत. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवायला वर्गांक फार लांब होतो. कपाटात पुस्तक आणून ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला तो वाचणं अवघड जातं. रंगनाथन दर आवृत्तीत नियम बदलत राहिले, त्यामुळे आधी क्रमांक दिलेली पुस्तकं जुनी पडत. त्यांच्यानंतर सातवी आवृत्ती १९८७ मध्ये आली, पण अपूर्ण अवस्थेत. ड्यूई पद्धतीमागे तिला सतत अद्ययावत ठेवणारी भक्कम यंत्रणा होती. कोलनमागे ती उभी राहिली नाही.

शिवाय कपाट एकाच रेषेत असतं. कितीही पैलू काढले तरी पुस्तक शेवटी एका जागीच ठेवावं लागतं. रंगनाथन यांच्या कल्पनेला ही मर्यादा जाचत होती. संगणकाच्या डेटाबेसला ती नाही. तिथे एकच नोंद स्थळानेही सापडते, काळानेही आणि वस्तूनेही. म्हणून पद्धत मागे पडली तरी तिच्यातली कल्पना सॉफ्टवेअरमध्ये टिकली.

आजच्या सॉफ्टवेअरमध्ये विषय कसा नोंदवतात?

ग्रंथालयांची जगभर चालणारी नोंदपद्धत म्हणजे मार्क २१. तिच्यात ६५० क्रमांकाचा रकाना विषयासाठी, तर ६५१ भौगोलिक नावासाठी राखलेला आहे. ६५० च्या आतही स्थळ, काळ आणि स्वरूप यांचे वेगळे उपभाग आहेत. न्यूझीलंडमध्ये जन्मलेलं आणि भारतात अनेक ग्रंथालयांत वापरलं जाणारं कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर याच नोंदींच्या आधारे निकालाशेजारी लेखक, विषय, ठिकाण असे पर्याय दाखवतं.

विद्यार्थी आणि संशोधक वापरतात ती संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअरं मात्र इथे ढिली पडतात. बिबटेकमध्ये विषयासाठी कीवर्ड नावाचा एक रकाना असतो. २००६ मध्ये आलेल्या झोटेरोत टॅग असतात. ग्रंथालयाच्या तालिकेतून नोंद उचलली की तिच्यातले विषय टॅग म्हणून येतात. पण ‘जयगड’ हे स्थळ आहे, ‘हापूस’ ही वस्तू आहे आणि ‘२००९’ हा काळ आहे, हा फरक टॅगांच्या यादीत उरत नाही. सगळे शब्द एका पिशवीत जातात. रंगनाथन यांनी विरामचिन्हांनी जे जपलं होतं, तेच नेमकं इथे गळून पडतं.

यावर एक साधा घरगुती उपाय आहे. टॅगच्या आधी त्याचा प्रकार लिहायचा: ‘स्थळ: जयगड, रत्नागिरी’, ‘वस्तू: आंबा, हापूस’, ‘काळ: २००९’. मधलं चिन्ह पुन्हा कोलनच. यादी अकारविल्हे लावली की सगळी स्थळं एका जागी येतात आणि सगळे काळ एका जागी. पन्नास संदर्भांसाठी ही खटपट वाटेल, पण प्रबंधाचे पाचशे संदर्भ झाले की तीच वेळ वाचवते.

यात मराठीचं काय?

मराठीत या कामाची परंपरा आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची दोन भागांत तयार केली. पहिला भाग १९३७ पर्यंतचा, दुसरा १९३८ ते १९५० चा. ती नुसती नावांची यादी नाही. पुस्तकं विषयवार लावलेली आहेत, त्यामुळे एखाद्या विषयावर मराठीत काय लिहिलं गेलं ते एका ठिकाणी पाहता येतं. रत्नागिरीत १८२८ पासूनचं नगर वाचनालय आहे. म्हणजे पुस्तकं जमवणं आणि त्यांच्या याद्या करणं आपल्याला नवं नाही.

अडचण पुढची आहे. मराठीत विषयाचे शब्द ठरलेले नसतात. एका नोंदीत भात, दुसरीत धान, तिसरीत तांदूळ. संगणकाला हे तीन वेगळे विषय वाटतात. उलट ‘आंबा’ म्हटलं तर फळही येतं आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावरचा आंबा घाटही. हापूस हा आंब्याचाच प्रकार आहे, हे सांगितल्याशिवाय आंबा शोधणाऱ्याला हापूसवरचा अहवाल मिळत नाही. कोणता शब्द मुख्य, कोणते त्याचे पर्याय, कोणता व्यापक आणि कोणता पोटातला, हे नाते नोंदवण्यासाठी स्कॉस नावाचं खुलं मानक २००९ पासून उपलब्ध आहे. त्यात भरायचे मराठी शब्द मात्र आपणच ठरवायला हवेत.

आता एआय आहे, मग हे कशाला?

एआयवर आधारित शोध शब्दांपलीकडे जाऊन अर्थ जुळवतो, हे खरं. पण त्याला वाचायला मजकूर लागतो. मराठीतली कितीतरी जुनी पुस्तकं, गॅझेटिअर, ग्रामपंचायतींचे ठराव आणि अहवाल कागदावरच आहेत किंवा नुसत्या फोटोंच्या रूपात स्कॅन केलेले आहेत. अशा कागदाबद्दल यंत्राकडे असतं ते त्याच्या नोंदीतलं, म्हणजे नाव, लेखक, वर्ष आणि कोणी भरला असेल तर विषय. नोंदीत फक्त ‘जयगड’ लिहिलं असेल तर तीन जयगडांमधला गोंधळ एआयही नेमकेपणाने सोडवू शकत नाही. ‘स्थळ: जयगड, जिल्हा रत्नागिरी’ लिहिलं असेल तर साधा सर्च बॉक्सही सोडवतो.

यासाठी मोठा निधी लागत नाही. गावच्या वाचनालयात नवीन पुस्तक नोंदवताना किंवा पीडीएफ अपलोड करताना विषयाच्या रकान्यात एक शब्द टाकून पुढे जाण्याऐवजी चार प्रश्न विचारायचे: कशाबद्दल, काय घडलं, कुठे, केव्हा. मोहोर का गळतोय म्हणून उद्या एखादा बागायतदार वाचनालयात चौकशीला आला, तर तो अहवाल त्याच्या हातात पडेल की कपाटात पडून राहील, हे त्या चार उत्तरांवर ठरणार आहे.